बलुलेचा कंदील

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, एवढ्या लांब जाऊन वीज नसलेल्या खोलीत का राहिलात?" तेव्हा मी विषय टाळला. ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं. आज बाबा कामावर गेलेत, घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

खरं कारण साधं आहे. बाबांनी बुकिंगला उशीर केला. जुलैत इथे दक्षिण आफ्रिकेत शाळांना सुट्टी असते आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यानातले मोठे कॅम्प कधीच भरून जातात. उरला होता तो बलुले हा छोटा कॅम्प. सहा गोल झोपड्या आणि तंबूंसाठी थोडी जागा, बस. वीज नाही, दुकान नाही, खानावळ नाही. मी चार दिवस कुरकुर केली, हे तुला माहीतच आहे.

जोहान्सबर्गहून पहाटे पाचला निघालो. डल्स्ट्रूमला गवतावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. पुढे लायडनबर्ग, मग अ‍ॅबेल इरॅस्मस घाट. घाटातला बोगदा ओलांडला की सखल, उबदार मुलूख लागतो आणि अंगावरचे स्वेटर एकेक करून उतरतात. बाराच्या सुमारास ऑर्पन गेटातून आत शिरलो.

आत शिरल्यावर कळतं की हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही. क्रूगर आपल्या अख्ख्या नगर जिल्ह्यापेक्षा मोठं आहे आणि डांबरी रस्त्यावर ताशी 50 च्या वर जायचं नाही, मातीच्या रस्त्यावर 40 च्या. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. जून-जुलैत कॅम्पची दारं साडेपाचला बंद होतात. सातारा नावाचा इथला एक कॅम्प आहे, त्याच्या पुढे हत्तींचा कळप रस्त्यावर आला. दोन माद्या मधोमध उभ्या, पिल्लं त्यांच्या पोटाखाली. बाबांनी इंजिन बंद केलं. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही हललो नाही. माझा एक डोळा हत्तींवर आणि एक घड्याळावर होता.

बलुलेची नोंद ऑलिफंट्सच्या मोठ्या कॅम्पवर करावी लागते. तो कॅम्प नदीच्या उंच कड्यावर आहे. खाली नदीचं पात्र, पलीकडे क्षितिजापर्यंत रान. मला वाटलं, इथेच राहता आलं असतं तर! पण तिथून 11 किलोमीटर मागे येऊन, दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना बलुलेला पोचलो.

झोपडीला खिडकी नाही. भिंतीत वर झरोके, आत पलंग, बास. मी पिशव्या ठेवतेय तोवर बाहेर अंधारलं आणि कॅम्पवरचा माणूस पेटवलेले कंदील घेऊन आला. एक आमच्या दारात ठेवला आणि पुढच्या झोपडीकडे गेला. रॉकेलचा तो वास आला आणि मुग्धा, मी सासवडच्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले. दिवेलागणीला काचा राखेने पुसायचं काम माझं होतं. हात लहान म्हणून काचेत जायचा. या कंदिलाची काच एका बाजूने काजळली होती, म्हणजे वात तिरपी. मी ज्योत विझवली, तुझ्या जुन्या कंपासमधल्या कात्रीने वात सरळ कातरली, काच पुसली आणि पुन्हा पेटवला. बाबा नुसते बघत होते. तीस वर्षांत त्यांनी मला हे करताना पाहिलं नव्हतं.

मग शेगडीवर लाकडं पेटवून निखाऱ्यात वांगी टाकली. भरिताच्या वासाने शेजारच्या झोपडीतले आजोबा उठून आले. पंचाहत्तरीचे असतील. मूळ सुरतेकडचे, जन्म जोहान्सबर्गचा, आता तिथल्याच लेनेशिया उपनगरात राहतात. मला "बेन" म्हणत होते. त्यांनी खाकरे आणले, मी दशम्या आणि लसणीची चटणी काढली. चटणी चाखून म्हणाले, "ही खरी पाडकॉस." आफ्रिकान्समध्ये वाटेवरच्या खाण्याला तसं म्हणतात. आपली शिदोरीच ती. मग त्या एका शब्दावरून ते बोलत गेले.

त्यांच्या लहानपणी, वर्णभेदाच्या काळात, म्हणाले, भारतीय कुटुंब लांबच्या प्रवासाला निघालं की सगळं जेवण घरूनच न्यायचं, कारण वाटेतल्या हॉटेलात त्यांना कोणी वाढत नसे. पेट्रोल विकत मिळे, पण पंपावरचं संडास गोऱ्यांसाठी. फ्री स्टेट प्रांतात तर भारतीयांना राहायचीच बंदी होती. वडिलांचं कापडाचं दुकान जोहान्सबर्गच्या फिटास वस्तीत. ती वस्ती सरकारने गोऱ्यांसाठी ठरवली आणि या माणसांना लेनेशियाला हलवलं. "आणि इथे," ते झोपडीच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "इथे आम्ही यायचो. चांगले कॅम्प त्यांचे. काळ्या माणसांच्या आणि आमच्या वाट्याला बलुले."

मी हातातली दशमी खाली ठेवली. चार दिवस जिच्यावरून मी कुरकुर केली, ती जागा कुणाच्या तरी बापाने मुलांना हत्ती दाखवायचे म्हणून आनंदाने घेतली होती. ओल्या फडक्यात भाकऱ्या बांधून, वाटेत कुठे थांबता येईल याची धास्ती घेऊन. मी विचारलं, आता कुठेही राहता येतं, तरी इथेच का? म्हणाले, "माझ्या बापाचा आवाज इथे आहे. त्याने मला तारे इथे दाखवले." एवढं बोलून ते गप्प बसले, आम्हीही.

तारे मीही पाहिले. आपल्याकडे मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजाजवळ धडपडत वर येणारा त्रिशंकू इथे आकाशात चांगला वर होता. वृश्चिक तर थेट डोक्यावर, नांगीसकट, आणि त्यातून जाणारी आकाशगंगा दुधासारखी. कंदील बारीक केला तेव्हा आणखी तारे दिसले.

रात्री तरस आलं. कुंपणाच्या तारेला लागून चालत गेलं, पावलांचा आवाज ऐकू येत होता. आपल्याकडचं पट्टेरी असतं, हे ठिपक्यांचं, आणि यांच्यात कळपाची मालकीण मादी असते. त्यांना काही खायला घालू नका, अशी पाटीच आहे. एकदा माणसाच्या हातचं खायची सवय लागली की शेवटी त्या जनावरालाच मारावं लागतं. दूरवरून त्याची ती चढत जाणारी हाक आली तेव्हा मी बाबांचा हात धरला. भीती होती, पण उठून दार पुन्हा तपासावंसं वाटलं नाही.

सकाळी कंदील न्यायला तोच माणूस आला. आजोबांनी मला "अवूशेनी" म्हणायला शिकवलं होतं, त्सोंगा भाषेतलं शुभ सकाळ. मी म्हटलं. त्याने काच उजेडात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इन्कोमू." म्हणजे आभार.

डिसेंबरात तू येशील तेव्हा तिथेच जाऊ. बाबांना आत्ताच बुकिंग करायला सांगितलंय. तेव्हा पावसाळा असतो, हिवतापाचा धोका जास्त, म्हणून मलेरियाच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचार. बॅटरी आण, जाड पायमोजे नकोत, उकाडा असेल. आणि मेतकुटाचा एक डबा जास्तीचा आण. आजोबांनी मागितलंय.

तुझी,
आई