फोनवरचे स्वयंसेवक हवेत : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील गृहविलगीकरणातल्या घरांसाठी

सत्तरी तालुक्यात घरीच विलगीकरणात असलेल्या कोविड रुग्णांना दिवसातून दोनदा फोन करणारी माणसे हवी आहेत. घराबाहेर पडायचे नाही. सकाळी ८ आणि संध्याकाळी ७ या वेळा मात्र चुकवायच्या नाहीत, कारण आतल्या वाड्यांवर रेंज अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यातच येते आणि घरचे ठरल्या वेळीच फोन घेऊन तिथे थांबतात. एकाकडे दहापेक्षा जास्त घरे देणार नाही. कोकणी यायलाच हवी. तापाने फणफणलेली आजी आपले दुखणे पुस्तकी मराठीत सांगणार नाही.

पहिला प्रश्न, लक्षणे कधी सुरू झाली? दिवस तिथून मोजायचे, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात प्रकृती अचानक ढासळू शकते, ताप उतरला तरीही.

मग ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचे यंत्र. पाच मिनिटे बसून, हात उबदार करून, नेलपॉलिश वा मेंदी नसलेल्या बोटाला लावायचा आणि आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबायचे. पडद्यावर ऑक्सिजन आणि नाडी असे दोन आकडे असतात; लोक हमखास नाडीचा सांगतात. त्याहून घातक चूक म्हणजे यंत्र उलटे वाचणे. त्यावरचे आकडे इंग्रजी असल्याने ९८ उलटे धरले तर ८६ दिसते, आणि खरोखर ८६ असताना ९८. म्हणून आकड्याशेजारची अक्षरे सुलटी दिसतात का, हे दरवेळी विचाराच.

ऑक्सिजन ९४ किंवा वर असेल तर वहीत नोंद पुरे. दोनदा मोजूनही ९३ वा खाली आले तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवा. ९० वा त्याहून कमी, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ, किंवा वाक्य पुरे करताना धाप, यांपैकी काहीही आढळले तर लगेच १०८. औषध आपण सुचवायचे नाही, व्हॉट्सॲपवर फिरणारे तर नाहीच.

परदेशातल्या गोंयकारांनाही हे जमेल. दुबईत आपल्या सकाळच्या फेरीला साडेसहा वाजतात. लंडन-स्विंडनकरांनी संध्याकाळची फेरी घ्यावी, तिथे तेव्हा दुपारचे अडीच. त्यांना स्मार्टफोन असलेलीच घरे देऊ. साध्या फोनची घरे इथल्यांकडे.

वस्तूही हव्यात : ऑक्सिमीटर, त्यांना लागणारे ट्रिपल-ए सेल (एका यंत्राला दोन, सेल उतरले की आकडा भरवशाचा राहत नाही), चार्ज केलेल्या पॉवर बँका आणि रिचार्ज. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात वीज गेली, पाठोपाठ फोनही बंद पडले. पावसाळ्यात हे पुन्हा होणारच. वापरलेला ऑक्सिमीटर चालेल, पण आधी स्वतःच्या बोटाला लावून पाहा. रोख रक्कम घेत नाही. आमच्या नावाने कोणी ओटीपी किंवा खाते क्रमांक मागितला तर फोन ठेवून द्या.

पंचायतीच्या सूचनाफलकावरील क्रमांकावर नाव, गाव आणि जमणारी फेरी एसएमएसने कळवा. कॉल लागत नसला तरी एसएमएस बहुधा पोचतो.