दसरा आणि दरफळणी

प्रिय बाळ,

शालोम. फोनवर तू विचारलंस, "आई घरी गेलीय असं सांगू, की फिरायला गेलीय असं?" तेव्हा बाहेर ढोल इतका वाजत होता की मी नुसतं "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. आता सवडीने लिहिते. तू सातवीपर्यंत ठाण्याच्या मराठी शाळेत होतास, त्यामुळे वाचता येत नाही ही सबब चालणार नाही.

कागदावर मी पर्यटक आहे. विमानतळावर परदेशी पासपोर्टवाल्यांच्या रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलाशी मराठीत बोलले, तर त्याने पासपोर्ट उलटा करून पुन्हा पाहिला आणि "काकू, अश्दोद कुठं आलं?" म्हणून विचारलं. म्हटलं, इस्रायलमध्ये. भारत दोन देशांचं नागरिकत्व देत नाही. ते ठाऊक असूनच आपण निघालो होतो, तेव्हा त्याची तक्रार काय करायची! पण टेंभी नाक्याच्या आपल्या बेने इस्रायली ज्यूंच्या सिनेगॉगच्या, प्रार्थनाघराच्या, दारातही पासपोर्ट दाखवावा लागला, तेव्हा मात्र हसू आलं. शार हशमायिम, १८७९ सालचं. तुझ्या पप्पांशी माझं लग्न लागलं ते इथेच. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर आपल्या सगळ्याच जागांवर बंदोबस्त वाढला, त्यामुळे पोलिसाचं चुकलं नाही. आत गेल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी माझी हनुवटी धरली आणि आडनावातलं गाव विचारलं. गाव सांगितल्यावर माझी आजी कोण, आजीची बहीण कोणाकडे दिली, हे सगळं त्यांनीच मला ऐकवलं. पासपोर्टात एवढं नसतं.

यंदा तिथी कशा जुळल्या बघ. २२ सप्टेंबर २०२५ ला सकाळी घटस्थापना आणि त्याच संध्याकाळी आपलं रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष, ५७८६ साल लागलं. यात चमत्कार काही नाही. आपलंही पंचांग चंद्रावर चालतं आणि त्यांचंही, आणि सूर्याशी मेळ राहावा म्हणून दोघेही मधूनमधून एक महिना जास्तीचा घालतात. म्हणून अश्विनातली प्रतिपदा आणि आपल्या तिश्री महिन्याची पहिली कधी एक-दोन दिवसांच्या आतच येतात, तर कधी महिनाभराचं अंतर पडतं. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा तसंच झालं होतं. आणि पहिली जुळली की दहावीही जुळते. २ ऑक्टोबरला बाहेर दसरा आणि आत योम किप्पूर, आपला पापक्षालनाचा उपास. माझी आजी योम किप्पूर कधीच म्हणाली नाही, ती दरफळणीचा, म्हणजे दारं बंद करायचा, सण म्हणायची.

टेंभी नाक्याची देवी म्हणजे काय गर्दी असते, तुला आठवत असेल. पहिल्या रात्री फटाक्यांची माळ लागली आणि मी उठून जिना शोधू लागले. अश्दोदला रॉकेटचा भोंगा वाजला की जिन्यात धावायची सवय. मावशी म्हणाली, "अगं, देवी आली." मग दोघी खिडकीत उभ्या राहून मिरवणूक बघत बसलो.

दरफळणीला तिकडे काय होतं ते तुला सांगायला नको. रस्त्यावर गाडी नाही, टीव्ही बंद, विमानतळसुद्धा बंद, पोरं हायवेवर सायकली फिरवतात. सबंध देशच थांबतो, आपण त्यात असतो एवढंच. ठरवावं असं काही लागत नाही. इथे मी चरईतून पांढरी साडी नेसून, पाण्याचा घोट न घेता, चालत निघाले, आणि दोन्ही बाजूंना दसरा भरात होता. दारोदार झेंडूची तोरणं, हार घातलेल्या नव्या स्कूटर, हलवायाच्या दुकानासमोर श्रीखंडासाठी रांग, आणि कोपऱ्यावर गरम जिलबी. बाळा, तिकडे मला उपासाच्या दिवशी भूक लागत नाही. इथे लागली. चांगली कडकडून लागली, आणि मला ते आवडलं.

आमचा शनिवारही लहानपणी असाच असायचा. शाळा अर्धा दिवस, बाजार उघडा, आणि आपल्या घरात चूल बंद. कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण त्या दिवशी घाणा फिरायचा नाही. घाणा बंद आहे हे गावाला माहीत असायचं. तिकडे शनिवारचा शब्बाथ सरकार पाळतं, तेव्हा आपण किती पाळतो हे कळायला मार्गच नाही, असं माझं मत आहे. तुला पटणार नाही. राहू दे.

दसऱ्याला शेजारच्या काकूंनी बेल वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी, आपल्या शिळ्या सणाला, सकाळी आल्या. हातात आपट्याची पानं, आदल्या दिवशीची, कडा वळलेल्या. "काल तुमचा उपास, म्हणून सोनं ठेवून दिलं होतं," म्हणाल्या आणि श्रीखंडाचा डबा पुढे केला.

मी इथे राहायला येईन असा अर्थ काढू नकोस. आपली चाळ पडून तिथे उंच टॉवर झालाय, त्यातली एक खोली घ्यायची आपली ऐपत नाही. सिनेगॉगमधली बरीच बाकं रिकामी होती. ती रिकामी करून गेलेल्यांतले आपणही, तेव्हा मी त्यावर उसासे टाकत नाही.

आता मलिद्याचं, आपल्या पोहे-खोबरं-फळांच्या नवसाच्या ताटाचं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या की बार मिट्झवाला, मुलगा तेराचा झाल्याच्या समारंभाला, फळांचं ताट मांडणं हे हिंदूंच्या नैवेद्यासारखं दिसतं. दिसू दे. साठच्या दशकात तिकडच्या रब्बींनी, धर्मगुरूंनी, आपल्या लोकांना लग्नाच्या वेळी आजी-पणजीपर्यंतचे दाखले विचारले होते. तुझे मोठे आजोबा त्यासाठी जेरुसलेमला धरण्यावर बसले, आणि १९६४ मध्ये सरकारने आपल्याला सर्व बाबतींत ज्यू मानलं. त्या आजोबांनी घरी आल्यावर पहिलं काय केलं असेल? एलियाहू हनाबी या प्रेषिताचा मलिदा! नवस फेडायचा होता. त्यांना त्यात विसंगत काही वाटलं नाही, मलाही वाटत नाही. सासूबाईंना हे रागाने नको सांगूस, त्यांच्या मोरोक्कोकडच्या मेहंदीचं कौतुक करून मग सांग.

पातळ पोहे मी ठाण्याहूनच आणते. फळं विमानातून आणू देत नाहीत, ती तिकडे घ्या, पाच हवीत, त्यात खजूर आणि डाळिंब असू दे. ओलं खोबरं गोठवलेलं मिळतं ते चालेल, पण आदल्या रात्री बाहेर काढून ठेव. गुलाब ताजे. पोह्यांना मात्र कुणी हात लावू नका, आधी भिजवून ठेवले की लगदा होतो. ते मी आल्यावर बघेन.

तुझी,
आई