चि. मृण्मयीस, राहिलेल्या ८७ ओळींविषयी

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन मध्येच ठेवलास, त्यानंतर मला झोप लागली नाही. एका फाइलीतून दुसरीत नेताना १३७ ओळींपैकी ५०च उतरल्या आणि मूळ फाइल पुसली गेली, असे तू रडवेल्या आवाजात सांगत होतीस आणि मी मात्र ‘रजिस्टरला, त्या कॉपी केलेल्या मजकुराच्या कप्प्याला, नाव दिले असतेस तर ही वेळ आली नसती’ असे तुला सुनावले. पहाटे मी स्वतः करून पाहिले. विम या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये १३७ ओळी ‘ए’ नावाच्या रजिस्टरमध्ये घेतल्या, विम बंद केले, पुन्हा उघडून दुसऱ्या फाइलीत चिकटवल्या, तर ५१वी ओळ आलीच नाही. नाव देऊनही आली नाही. माझे बोलणे चुकीचे होते, हे मी मान्य करतो.

बंद होताना विम रजिस्टरे विमइन्फो या आपल्या नोंदींच्या फाइलीत लिहून ठेवते, पण मूळ सेटिंगप्रमाणे प्रत्येकाच्या ५० ओळीच. आणि १० किलोबाइटपेक्षा मोठे रजिस्टर तर मुळीच साठवत नाही. तुझा मजकूर मराठी असता तर कदाचित एकही ओळ हाती लागली नसती, कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणून विम बंद न करता, कोलन देऊन ‘ई’ आज्ञेने त्यातच दुसरी फाइल उघडावी. तोवर रजिस्टर मेमरीत पूर्ण असते. मूळ पुसण्यापूर्वी शेवटची ओळ उतरली की नाही, हे मात्र डोळ्यांनी पाहा.

तू पाच वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून चिकटवण्याचे ‘पी’ दाबत राहायचीस, एकच ओळ पडदाभर उमटायची आणि तू ‘बाबा, अजून’ म्हणायचीस. आज तुझ्या स्क्रिप्टवर रात्रपाळीची माणसे विसंबून असतात, हे मी आक्काला दोनदा सांगितले. तिला त्यातले काही कळले नाही, पण तिने देवापुढे साखर ठेवली.

आणखी एक. काही खोडले की बिननावाच्या रजिस्टरातले आधीचे जाते, पण रजिस्टरचे नाव न देता शेवटचे कॉपी केलेले ‘शून्य’ रजिस्टरमध्ये टिकते, कॅपिटल ‘ए’ वापरलास तर जुन्याला नवे जोडले जाते, आणि त्याच अक्षरात मॅक्रो, म्हणजे पुन्हा चालवायची कळांची मालिका, नोंदवलास तर ठेवलेला मजकूर नाहीसा होतो. कोलन-रेग ही आज्ञा देऊन रजिस्टरात काय आहे ते आधी बघ, मगच मूळ पूस. पुन्हा उपदेश सुरू झाला, राग मानू नकोस. तू तिथे रात्री दोन वाजता एकटी बसलेली असतेस आणि पुसलेले परत आणायला जवळ कोणी नसते, एवढेच मनात घोळत राहते.

दिवाळीत तू वरच्या खोलीतल्या संगणकावर काम केले होतेस. तिथे त्या फाइलीची जुनी प्रत सापडली आहे, ११२ ओळींची. सोबत पाठवतो आहे. शेवटची ओळ मी तपासली आहे, तूही तपास.

तुझा,
बाबा