मृण्मयीच्या फार्मसी प्रवेशाविषयी काकाजींना पत्र

बर्मिंगहॅम,
दि. १८ मे २०२५

तीर्थरूप काकाजी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही मृण्मयीचा बारावीचा निकाल सांगितलात आणि लगेच विचारलेत, की तिला फार्मसीला घालायचे तर डिप्लोमा बरा की डिग्री. आणि "एकदा सर्टिफिकेट हाती आले की ते कुणाच्याही मेडिकलमध्ये लावून देता येते, पोरीला घरबसल्या महिन्याचे पैसे सुरू होतात," हे तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचे म्हणणे कितपत खरे आहे. तेव्हा मी नीट उत्तर दिले नाही. माझी कामाची वेळ झाली होती हे एक कारण, आणि ते शेवटचे वाक्य मनाला फार लागले हे दुसरे. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही, काकू आणि मृण्मयी अशा तिघांनी हे एकत्र बसून वाचावे, अशी विनंती आहे.

आधी आपल्याकडच्या वाटा सांगते. डी.फार्म. हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि त्यानंतर किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे आहे, ज्यातले निम्मे तास डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषधे देण्याच्या कामात जावेत असा नियम आहे. बी.फार्म. चार वर्षांचे, म्हणजे आठ सत्रांचे, डी.फार्म. झालेल्यांना त्याच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. तिसरा फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, जो आपल्या देशात २००८ पासून सुरू झाला. तो सहा वर्षांचा असून शेवटचे पूर्ण वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप करावी लागते, त्यातले सहा महिने जनरल मेडिसिन विभागात आणि दोन-दोन महिने इतर तीन विभागांत. हे सगळे अभ्यासक्रम भारतीय फार्मसी परिषदेच्या, म्हणजे पीसीआयच्या नियमांनी चालतात, आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेत नाव नोंदवल्यानंतरच आपल्याकडे फार्मासिस्ट म्हणून काम करता येते.

मी बी.फार्म. केले ते तुम्हाला आठवतच असेल. अमरावती रोडवरून दमून परत येताना मी कित्येकदा तुमच्याकडे चहाला थांबत असे. त्या चार वर्षांत मी पुष्कळ शिकले. शरीररचना, औषधी रसायनशास्त्र, फार्माकॉलॉजी, वनौषधींचे फार्माकॉग्नोसी, गोळी कशी बनते, ती पोटात किती वेळात विरघळते, हे सगळे मी मन लावून केले आणि त्या शिक्षकांचे ऋण मी कधीच विसरणार नाही. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रानंतर कारखान्यात किंवा रुग्णालयात दीडशे तास काम करायचे होते, आणि तेही सक्तीचे नव्हते, 'अपेक्षित' होते. म्हणजे चिठ्ठी हातात घेऊन रुग्णासमोर उभे राहण्याचा सराव पदविकेच्या मुलांना आमच्याहून अधिक मिळत होता. म्हणूनच डिप्लोमा हलका आणि डिग्री भारी असे लोक सरसकट बोलतात, ते मला पटत नाही. कोण किती वेळ काउंटरवर उभा राहिला आणि त्या वेळी त्याच्या हाताकडे कोणी जाणता माणूस पाहत होता का, हेच मला महत्त्वाचे वाटते.

आता सर्टिफिकेटचे. ही गोष्ट मी घरी कुणालाच सांगितली नव्हती. नोंदणी झाल्यानंतर पहिल्याच महिन्यात नागपुरातल्या एका दुकानमालकांनी मला बोलावले आणि अतिशय सौजन्याने सांगितले, की तुम्ही रोज येण्याचा त्रास घेऊ नका, सर्टिफिकेट फ्रेम करून तेवढे लावून द्या, आठवड्यातून एकदा येऊन रजिस्टरवर सह्या करा आणि महिन्याचे पाकीट घेऊन जा. मी त्यांच्याकडे रोज कामाला येण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांना नवल वाटले. त्या काउंटरवर तेव्हा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उभा होता. कामाला चपळ, स्वभावाने गोड. पण एक बाई लहान मुलाचे औषध "दिवसातून किती चमचे द्यायचे" म्हणून विचारत होत्या, आणि तो बाटलीच्या रंगावरून उत्तर देत होता. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. उद्या त्या मुलाच्या हातून काही चुकले असते, तर भिंतीवर नाव माझे असते. मी नाही म्हणून परत आले. त्यानंतर पाच महिने मला काम नव्हते, आणि बाबांना मी त्याचे खरे कारण सांगू शकले नाही.

इकडे इंग्लंडला आल्यावर मला पुन्हा शिकावे लागले. इथल्या मुलांना चार वर्षांचे एम.फार्म. करावे लागते, त्यानंतर बावन्न आठवड्यांचे प्रशिक्षण आणि मग नोंदणी परीक्षा. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या फार्मासिस्टसाठी एम.फार्म.च्या जागी एक वर्षाचा ओस्पॅप नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. पुढची दोन्ही पावले मात्र सगळ्यांना सारखीच. ओस्पॅपला प्रवेश मिळण्याआधी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकाच बैठकीत चारही विभागांत किमान सात गुण लागतात. लेखनात मी आधी साडेसहावर अडकले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

ओस्पॅपच्या पहिल्या महिन्यातला एक प्रसंग सांगते. आमच्या शिक्षिकेने माझ्या हातात सरावाचा रिकामा इनहेलर दिला, समोर एका वयस्क गृहस्थांना रुग्ण म्हणून बसवले आणि सांगितले, "यांना हा वापरायला शिकवा." त्यातले साल्ब्युटामॉल हे औषध श्वासनलिकेतल्या कोणत्या रिसेप्टरवर काम करते, हे मी झोपेतही सांगू शकले असते. पण इनहेलर आधी हलवायचा असतो हे सांगायला मी विसरले, श्वास पूर्ण सोडून मग तोंडात धरायचा हे सांगितले नाही, आणि औषध ओढल्यावर श्वास रोखून धरायचा हेही राहिले. ते गृहस्थ तसेच माझ्याकडे पाहत बसले. मग शिक्षिकेने फळ्यावर एक त्रिकोण काढला. त्याचा तळ म्हणजे 'माहीत आहे', त्यावर 'कसे करायचे ते माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो' आणि टोकाला 'प्रत्यक्ष करतो'. जॉर्ज मिलर नावाच्या वैद्यकशिक्षकाने १९९० मध्ये मांडलेल्या या पायऱ्यांवर इथल्या फार्मसी शिक्षणाची मोजणी होते. आपली परीक्षा बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपते, आणि मी तिथेच उभी होते.

पण खरे शिक्षण त्या बावन्न आठवड्यांतले. या काळात एका अनुभवी फार्मासिस्टकडे तुमची जबाबदारी सोपवलेली असते. तेराव्या, सव्विसाव्या आणि एकोणचाळिसाव्या आठवड्याला त्यांना तुमच्या प्रगतीचा अहवाल लिहावा लागतो, आणि शेवटी "ही व्यक्ती एकटीने काम करण्यास योग्य आहे" असे स्वतःच्या सहीने सांगावे लागते. माझे पर्यवेक्षक कमी बोलणारे गृहस्थ होते. साधारण दहाव्या आठवड्यात दम्याच्या एका रुग्णाची चिठ्ठी आली. प्रेडनिसोलोन पाच मिलिग्रॅम, रोज सकाळी आठ गोळ्या, पाच दिवस. मी लेबल छापले, फळीवरून पाकिटे काढली, गोळ्या मोजल्या आणि तपासणीसाठी टोपली पुढे सरकवली. त्यांनी त्यातले एक पाकीट उचलून माझ्यासमोर ठेवले आणि एवढेच विचारले, "हे कशाचे औषध आहे?" पाकिटावर प्रोप्रानोलोल लिहिले होते. रक्तदाबाचे, धडधडीचे औषध. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आवळून टाकणारे. वर्णानुक्रमाने लावलेल्या फळीवर ही दोन नावे शेजारी-शेजारी येतात, पाकिटेही दिसायला सारखी होती, आणि माझ्या डोळ्यांनी पहिले अक्षर वाचून बाकीचे मनानेच पुरे केले होते. काकाजी, माझे हात थंड पडले. त्यांनी मला एका शब्दानेही रागावले नाही. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर चुकता-चुकता राहिलेल्या गोष्टींची जी नोंदवही असते, ती माझ्यासमोर उघडली आणि काय झाले, केव्हा झाले, का झाले, ते माझ्याकडून लिहून घेतले. 'का' या रकान्यात मी "घाई" असे लिहिले, तेव्हा त्यांनी ते खोडायला लावले. घाई तर रोजच असणार, मग उद्या वेगळे काय करशील ते लिही, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही ती दोन औषधे वेगवेगळ्या फळ्यांवर हलवली, आणि तेव्हापासून मी नाव, ताकद आणि प्रकार हे तिन्ही पुटपुटत वाचते. अजूनही वाचते.

हा प्रसंग घडला तेव्हा माझ्या मागे कोणी तरी उभे होते, म्हणून तो रुग्ण वाचला आणि मीही वाचले. नागपुरातल्या त्या मुलाच्या मागे भिंतीवरच्या फ्रेमशिवाय कोणी नव्हते.

इथल्या नोंदणी परीक्षेचेही सांगते, म्हणजे मृण्मयीला अंदाज येईल. एकाच दिवशी दोन पेपर असतात. पहिल्यात फक्त गणिते, दोन तासांत चाळीस. दुसऱ्यात अडीच तासांत एकशेवीस प्रश्न. गणितांना पर्याय दिलेले नसतात, आकडा स्वतः लिहावा लागतो. समजा चौदा किलो वजनाच्या मुलाला किलोमागे पंधरा मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे आहे आणि पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये एकशेवीस मिलिग्रॅम आहे, तर एका वेळी किती मिलिलिटर? उत्तर ८.७५. दिसायला शाळेतले त्रैराशिक आहे, पण दशांश चिन्ह एक घर सरकले तर मुलाला दहापट औषध जाते. जून २०२४ मध्ये मी याच पेपरात नापास झाले. सरावातही माझी चूक मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करतानाच होत असे आणि मी तिकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. एकूण तीनच संधी मिळतात. पुढचे पाच महिने मी रोज पहाटे वीस गणिते सोडवली आणि नोव्हेंबरमध्ये उत्तीर्ण झाले. मृण्मयीने बारावीला गणित घेतलेले नाही, तिला बी.फार्म.च्या पहिल्या सत्रात त्यासाठी वेगळा पूरक विषय असेल, तो तिने केवळ पास होण्यापुरता करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता मी जिथे काम करते तिथेही भिंतीवर एक पाटी असते. तिच्यावर त्या दिवशीच्या जबाबदार फार्मासिस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो. सकाळी मी आत आले की आधीची पाटी काढून माझी लावते आणि नोंदवहीत वेळ लिहिते. सुटताना सुटण्याची वेळ लिहून पाटी उतरवते. दिवसभरात जास्तीत जास्त दोन तास बाहेर राहता येते, आणि त्या वेळात आम्ही चिठ्ठीवरची औषधे कुणाला देत नाही. पाटी मोठी नाही, साध्या कागदाची आहे. पण पहिल्या दिवशी ती लावताना मला त्या दुकानमालकांची फ्रेम आठवली होती.

तुम्ही अमेरिकेचेही विचारले होते. तिथे बाहेरच्या फार्मासिस्टसाठी जी पात्रता परीक्षा आहे, तिला १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. म्हणून आपले चार वर्षांचे बी.फार्म. तिथे चालत नाही, फार्म.डी. चालते. मात्र परदेशासाठी म्हणून आजच कोर्स निवडू नये, नियम बदलत असतात. तिला रुग्णांमध्ये, वॉर्डात काम करायचे असेल तर फार्म.डी. घ्यावे, आणि प्रवेशापूर्वी त्या महाविद्यालयाशी जोडलेले किमान तीनशे खाटांचे रुग्णालय प्रत्यक्ष जाऊन पाहावे. मुलांना तिथे राऊंडला खरोखर नेतात का, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींनाच विचारावे. औषध कसे तयार होते याची ओढ असेल तर बी.फार्म. उत्तम, पण दर उन्हाळ्यात तिने एखाद्या चांगल्या दुकानात काम करावे. आणि घरी आर्थिक ओढ आहे म्हणून डी.फार्म. करायचे ठरले, तरी त्यात काहीच कमीपणा नाही. फक्त सर्टिफिकेट भाड्याने देण्यासाठी तिला कोणताही कोर्स करायला लावू नका, एवढे माझे ऐका.

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोपर्यंत धंतोलीत, जिथे फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर उभे राहतात अशा एखाद्या मेडिकलमध्ये, तुम्ही ओळखीने तिला महिनाभर रोज दोन तास बसवता येईल का ते पाहावे. पैसे मागू नयेत. तिने औषधांना हात लावू नये. फक्त पाहावे आणि वहीत लिहावे. लोक काय विचारतात, कोणती दोन नावे ऐकायला सारखी वाटतात, आणि या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुपारी वीज गेली तर दोन ते आठ अंशांत ठेवायच्या इन्सुलिनचे ते लोक काय करतात. महिना झाला की वहीची पाने मला फोनवर पाठवावीत. मी एक-एक पान वाचून उत्तर देईन.

काकूंना साष्टांग नमस्कार, आणि मृण्मयीला अनेक आशीर्वाद. बाबांना यातली सर्टिफिकेटची गोष्ट तुम्हीच सांगावी. माझ्याने अजून होत नाही.

तुमची,
वैदेही