ग्रेन्त्से

वडगाव, बेळगाव
शनिवार रात्र

प्रिय गड्या,

"पीएच.डी.चं पैशाचं कसं जमवलंस ते नीट लिही, फोनवर तू नुसता हसतोस" असं दटावलंयस, म्हणून आज माग बंद झाल्यावर बसलोय. दिवसा लिहिणं जमत नाही. पलीकडच्या खोलीत माग खडखडत असतात, टेबलावरचा पेनसुद्धा आपोआप सरकतो.

जर्मनीत पीएच.डी.ला घेतलंय ही बातमी बाबांना सांगितली तेव्हाही माग सुरूच होता. माझ्या दहावीच्या निकालालाही न थांबलेला माग त्यांनी बंद केला आणि विचारलं, "फी किती?" म्हटलं, फी नाही, उलट तेच पगार देणार. "मग काम काय करून घेणार?" मुलाखतीत एवढं नेमकं कुणी विचारलं नव्हतं बघ.

तर ऐक. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात डॉक्टरेटला सहसा शिकवणी फी नसते, दर सहामाहीला थोडी वर्गणी भरायची. खरा प्रश्न पोटाचा. एक वाट शिष्यवृत्तीची. ती 'डाड' देते, म्हणजे जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण बघणारी संस्था. १९२५ पासूनची, तिच्याबद्दल तुला मी काय सांगणार. दुसरी वाट विभागातल्या नोकरीची. विद्यापीठ तुला सहायक म्हणून घेतं, सरकारी वेतनश्रेणी लावतं, तिला 'ई १३' म्हणतात. पण आपल्या विषयात, जर्मन साहित्यात, पूर्ण जागा क्वचितच, अर्धी किंवा ६५ टक्के. पगार ६५ टक्क्यांचा आणि राबायचं शंभर टक्के, असं तिथलीच पोरं सांगतात. तरी पगारातून आरोग्यविमा आणि पेन्शन कापलं जातं, म्हणजे माणूस कामगार म्हणून मोजला जातो. शिष्यवृत्तीवाला नुसता विद्यार्थी. मला ६५ टक्क्यांची जागा मिळालीय, ३ वर्षांची, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांचे तास घ्यायचेत. जर्मन पोरांना जर्मन साहित्य, वडगावच्या माणसाकडून. हे सांगितल्यावर बाबांनी माग परत सुरू केला.

तुझं लग्न तोंडावर आहे, तेव्हा तू आधी इथलंच बघ. नेटला, म्हणजे प्राध्यापकी-संशोधनाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, जर्मन विषय आहेच. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की महिना ३७,००० रुपये, आणि दिल्लीत जेएनयू किंवा हैदराबादला इफ्लू, ते इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ. त्यात कमीपणा काही नाही. बिनपैशाची पीएच.डी. मात्र करू नकोस, कुणी कितीही गोड बोलून गळ घातली तरी. आपल्या ओळखीतले दोघं त्यात म्हातारे झाले.

आता फजितीचं सांगतो. गाईडला तिकडे 'डॉक्टरफाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टर-बाप. बाई असल्या तर 'डॉक्टरमुटर'. असा बाप किंवा आई आधी आपणच शोधायची, मग पुढचं. मी जर्मनमध्ये लिहिणारा काफ्का आणि एकटेपण असा दहा पानी आराखडा करून अकरा जणांना धाडला. नऊ जण गप्प. एकाने आभार मानले. एका बाईंनी मात्र लिहिलं की काफ्कावर आमची कपाटं भरलीत, पण तुम्ही कुठून लिहिताय ते या दहा पानांत कुठेच दिसत नाही.

दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला ओरडला, "गाडी आलं!" तुला माहीतच आहे, घरी कन्नड बोलणारा माणूस मराठी बोलताना गाडी, चहा, पाऊस सगळ्यांना एकाच लिंगात बसवतो, कारण कन्नडात निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष नसतंच. शाळेत आपण या बोलण्याला किती हसायचो! आणि मला जर्मन लेखिका हेर्टा म्युलर आठवली. १९५३ चा जन्म, रुमानियातल्या बानाटमधलं जर्मन बोलणारं खेडं. पंधराव्या वर्षी शहरात गेल्यावर ती रुमानियन शिकली. २००९ चं नोबेल तिचं. तिने एके ठिकाणी लिलीच्या फुलाबद्दल लिहिलंय. जर्मनमध्ये लिली स्त्रीलिंगी, रुमानियनमध्ये पुल्लिंगी. मग एकाच फुलाकडे बघताना एकदा बाई दिसते, एकदा बुवा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली होती. तिचं गाव जागचं हललं नाही, पण पहिल्या महायुद्धानंतर त्याचं राज्य बदललं. आपलं १९५६ मध्ये बदललं.

आराखडा पुन्हा लिहिला: देश बदललेल्या गावांतलं जर्मन लेखन, आणि त्यात शेजारच्या भाषेचे डोळे. बाईंनी आठवड्यात उत्तर दिलं. त्याच माझ्या डॉक्टरमुटर. शब्द चाळताना एक गंमत सापडली. सीमेला जर्मनमध्ये 'ग्रेन्त्से' म्हणतात, आणि तो शब्द मुळात जर्मन नाहीच. पलीकडच्या स्लाव्ह लोकांच्या 'ग्रानित्सा'वरून उचललेला. म्हणजे कुंपणाचा शब्दच कुंपणाच्या पलीकडून आणलेला! आणि आपल्याकडे बघ, कन्नडात सीमेला 'गडि' म्हणतात. आता कळलं का, वर तुला काय हाक मारलीय ते?

सध्या अडलोय कागदांत. जन्मदाखला कन्नडमधून, शाळेचा दाखला मराठीतून, पदवी इंग्रजीतून. जुन्या कागदांवर गाव बेलगाम, २०१४ नंतरच्यांवर बेळगावी. एका खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "ही दोन वेगळी गावं आहेत का?" मी तोंड उघडणार होतो, पण मागची रांग बघून नुसतं "नाही साहेब" म्हटलं. प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलंय.

जन्मदाखल्याचं भाषांतर मंगळवारी मिळेल. त्यात आजोबांच्या नावाच्या जागी काय लिहिलंय ते मला धड वाचता येत नाही. तुझं कन्नड माझ्यापेक्षा बरं. तेव्हा मंगळवारीच ये, आठनंतर. तोवर माग बंद झालेला असतो.

तुझाच,
शेजारच्या बाकावरचा