चाकाचे नट : जास्त आवळणेही घातकच

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे १९९४ सालची मारुती ८०० आहे. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ती घरच्या माणसासारखी सांभाळणारे लोक अजून आहेत. ऑइल, कार्बोरेटर, पत्र्याचा गंज या सगळ्यावर आमची नजर असते. चाक ज्या चार स्टडांवर, म्हणजे नट बसतो त्या आटे पाडलेल्या दांड्यांवर, बसवलेले असते त्यांच्याकडे मात्र कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

गेल्या महिन्यात कणकुंबीला माऊलीच्या दर्शनाला निघालो होतो. गाडीत पत्नी आणि सात वर्षांचा नातू. पिरनवाडी सोडून जांबोटी रस्त्याला लागलो आणि मागच्या डाव्या चाकातून खडखड ऐकू येऊ लागली. वेग घेतला की आवाज बंद, स्पीडब्रेकरला गाडी हळू केली की पुन्हा सुरू. खडा अडकला असेल म्हणून किणयेपर्यंत तसाच गेलो. शेवटी नातूच म्हणाला, "आजोबा, बघा की एकदा उतरून." उतरलो, चाकावरची प्लॅस्टिकची कॅप ओढली आणि एक नट माझ्या हातात पडला. स्टडचा तुटका तुकडा त्याच्या पोटात तसाच होता. दुसरा कॅपच्या तळाशी. तिसरा नट बोटांनी फिरत होता. वेगात हे सुटे नट कॅपच्या कडेला दाबून बसत होते, म्हणून आवाज थांबत होता. एका नटावर आम्ही तिघे चाललो होतो आणि पुढे जांबोटीनंतरची जंगलातली वळणे होती.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत मी ३१ वर्षे लेथवर काम केले आहे. तुटलेले लोखंड काय सांगते ते मला वाचता येते. त्या तुकड्याच्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, तांबूस, आणि त्यावर लाकडाच्या वलयांसारख्या बारीक रेघा. उरलेला भाग खरखरीत आणि चकाकणारा. म्हणजे स्टड त्या दिवशी तुटला नव्हता. आट्याच्या खाचेत चीर पडून ती कित्येक दिवस थोडी थोडी पुढे सरकत होती, आणि उरलेला चकाकणारा भाग तेवढा शेवटी एका दणक्यात गेला.

असे का होते, ते नीट सांगतो, कारण बहुतेकांची समजूत उलटी आहे. आपल्याला वाटते, गाडीचे वजन स्टड पेलतो. खरे तर नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाकाची रिम मागच्या ब्रेकच्या ड्रमवर घट्ट दाबली जाते. भार पेलते ती या दोघांमधली घट्ट पकड. पकड ढिली झाली की रिम हलू लागते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. तार हाताने मागेपुढे वाकवून तोडतो, तसेच ते.

माझ्या गाडीत पकड गेली ती दोन कारणांनी. दसऱ्याआधी मी रिम आणि ड्रम हौसेने रंगवून घेतले. नट जिथे बसतो त्या निमुळत्या जागेवरही रंगाचा जाड थर चढला. चालत्या गाडीत तो थर चेपला, झिजला आणि तेवढा नट ढिला झाला. ही चूक माझी. त्यानंतर खानापूर रस्त्यावर पंक्चर काढले, तेव्हा पोराने हवेवर चालणाऱ्या गनने नट असे बसवले की घरी ते सोडवायला मला पान्यावर उभे राहावे लागले. मला वाटले, चला, पक्के बसले. साधा हिशेब करा : ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर जवळजवळ २०५ न्यूटन-मीटर पिळण्याचा जोर (टॉर्क) पडतो. पान्यात पाइप घालून लांबी दुप्पट केली तर तोही दुप्पट. माझ्या गाडीसारख्या छोट्या गाडीला शंभरच्या आतलाच आकडा लागतो, नेमका गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. त्याच्या फार पुढे गेले की स्टड कायमचा लांबतो आणि मग त्याच्यातल्या स्प्रिंगसारख्या ताणाचा भरवसा उरत नाही. त्यातच आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावले असेल, तर तेवढ्याच जोराने स्टड आणखी ताणला जातो.

म्हणून पंक्चरवाल्या आणि गॅरेजवाल्या बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे. गन नट काढायला खुशाल वापरा. बसवताना आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, मग समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा आणि शेवट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर पडला ते दाखवणाऱ्या पान्याने, करा. गिऱ्हाइकाला सांगा, पन्नास-शंभर किलोमीटर चालवून परत या, एकदा बघू. हात लावायला दोन मिनिटे पुरतात. आमचे आजोबा बैल जुंपण्याआधी आसाची खीळ चाचपून बघायचे, रोज.

आणखी एक. मारुतीच्या स्टडचा आटा १२ मिलिमीटर, पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर. होंडा, हुंदाईचे नट त्याच मापाचे दिसतात, पण त्यांची पिच १.५. असा नट एक-दोन आटे जातो, मग अडकतो, आणि गनने तो तसाच कोंबला की दोन्हीकडचे आटे गेलेच म्हणून समजा. डब्यातला हाताला लागेल तो नट लावू नका.

आपल्या गावात लेथ गल्लोगल्ली आहेत, म्हणून तुटलेल्या स्टडच्या जागी साध्या लोखंडाचा वळवून घेणारेही आहेत. असली कामे माझ्याकडे यायची, मी परत पाठवायचो. कंपनीच्या स्टडला उष्णतेची प्रक्रिया केलेली असते आणि आटे कापलेले नसतात, रोल केलेले, म्हणजे दाबून उठवलेले असतात. लेथवर कापलेल्या आट्याच्या खाचेत चीर लवकर धरते. आणि एक तुटला तर त्या चाकाचे चारही बदला, कारण मोडलेल्याचा भार उरलेल्यांनी सोसलेला असतो. माझ्या गाडीच्या हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) काढलेल्या, न तुटलेल्या तिसऱ्या स्टडवरही चीर निघाली.

पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवताना आरटीओत गाडी तपासतात. त्या वेळी चारही कॅप काढून नट आणि आटे बघायला काय हरकत आहे? नटाच्या कडेने गंजाचा ओघळ आला असेल किंवा रिमचे भोक लांबट झाले असेल, तर ते नुसत्या डोळ्यांना दिसते.

तो तुटका तुकडा मी फडक्यात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. आता गाडी ज्या गॅरेजमध्ये जाईल, तिथल्या पोरांना आधी तो दाखवतो, मगच चाकाला हात लावू देतो.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव