नाचणीला आधी यंत्र द्या

संपादक महोदय,

2023 हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष होते. त्या निमित्ताने भाषणे झाली, नाचणीचे केकही खाऊन झाले. गोव्यातल्या सांगे, केपे, काणकोण आणि सत्तरी तालुक्यांच्या डोंगरउतारांवर नाचणी, वरी पिकवणाऱ्या वेळीप, गावडा, कुणबी या आदिवासी कुटुंबांचा माल मात्र अजून घरच्या आंबिलीत आणि तिझणात (नाचणीच्या गोड खिरीत) संपतो, उरला तर ओळखीपाळखीत विकला जातो. भाव नाही म्हणून असे होते, असा समज आहे. पण 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने नाचणीला क्विंटलमागे 4886 रुपये हमीभाव जाहीर केला आहे. राज्याने खरेदी लावून दिल्याशिवाय तो पदरात पडत नाही, हे खरे. पण उद्या खरेदी सुरू झाली तरी काट्यावर घालण्याजोगा स्वच्छ माल किती निघेल?

शेणाने सारवलेल्या खळ्यावर नाचणी मळली की मातीचे बारीक खडे तिच्यात मिसळतात. ते दाण्याएवढेच असल्याने चाळणीतून दाण्याबरोबरच खाली पडतात, सुपातही नीट वेगळे होत नाहीत. वजनातल्या फरकावर खडे बाजूला काढणारे यंत्रच लागते. भाकरीत एकदा कचकच लागली की हॉटेलवाला पुन्हा विचारत नाही. खळ्यावर ताडपत्री अंथरून कणसे झोडपली तर बरीच माती टळते. हा खर्च कोणालाही झेपेल, पण सवय मोडत नाही.

वरीचे दुखणे वेगळे. नाचणी साफ झाली की थेट दळता येते. वरीवर घट्ट साल असते आणि पिठाच्या गिरणीत ती निघत नाही. सालकाढणी यंत्रातही सगळा माल सरसकट ओतला तर मोठे दाणे फुटतात, बारीक दाणे सालीसकट बाहेर येतात. म्हणून आधी चाळून दाण्याच्या आकाराप्रमाणे प्रती वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येक प्रत बेताने सोडावी. दाण्यातली ओल 12 टक्क्यांवर असेल तर साल नीट सुटत नाही. फार सुकलेल्या दाण्याची कणी होते. पाच-दहा घरांचा माल एकत्र करताना तर एका ओल्या पोत्यापायी सगळ्या राशीला बुरस येतो. गटाकडे ओलावामापक हवा. तो नसेल तर निदान दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो का, हे प्रत्येक पोत्यातून पाहावे.

कोरडी अख्खी नाचणी वर्षानुवर्षे टिकते, तिला कीड सहसा लागत नाही. पीठ मात्र आपल्या पावसाळी हवेत लवकर ओल धरते. वरीही सालीतच सुरक्षित. तेव्हा माल अख्खा साठवावा आणि मागणी येईल तसा थोडाथोडा दळावा, सडावा. यासाठी यंत्र जवळ हवे. घाट चढून बेळगावला पोती न्यायची, तर टेम्पोचे भाडेच मालाला खाऊन टाकते.

म्हणून कृषी खात्याने सत्तरीतली वाळपई, सांगे आणि काणकोण इथे चाळण, खडे काढणारे यंत्र आणि वरीची सालकाढणी असा प्रत्येकी एक लहान संच बसवावा आणि तो स्थानिक गटाच्या ताब्यात द्यावा. कुलूप खात्याकडे राहिले तर यंत्र उद्घाटनापुरतेच फिरेल. गिऱ्हाईक शोधायला पणजी गाठायची गरज नाही: शाळांत माध्यान्ह आहार पुरवणारे स्वयंसाहाय्य गट गावोगावी आहेत, त्यांना आठवड्यातून एक दिवस नाचणीचा ठरवून द्या.

एक अट मात्र घालू नये. कुमेरीची, म्हणजे डोंगरावरच्या फिरत्या शेतीची, जमीन कसणाऱ्या अनेकांचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर) नाही, वनहक्क कायदा 2006 चा असूनही काहींचे दावे निकालात निघालेले नाहीत. दळायला आणलेल्या पोत्यासोबत उतारा मागितला तर ज्यांच्यासाठी यंत्र आणले तेच दाराबाहेर राहतील.

नवी नाचणी दिवाळीच्या आसपास घरात येते. यंत्रे त्याआधी, दसऱ्यापर्यंत चालू व्हावीत.

आपले,
सांगे तालुक्यातील काही नाचणी उत्पादक